पाच व्होल्ट

नारिनमध्ये फेब्रुवारीत सकाळ होत नाही,
रात्र जरा फिकी पडते, इतकंच.
त्या फिकटीत जिपार-एजेची दुधाची गाडी आली
जावयाच्या ट्रॅक्टरमागे, दोरीला बांधून,
आत रिकामे कॅन एकमेकांवर आपटत.

डोलोनच्या घाटात पाय दाबला, म्हणाली,
आणि गाडीने ऐकलंच नाही.
पायाखाली पेडल होतं,
पेडलच्या पलीकडे कुणी नव्हतं.

सीटवर पिशवी. तीन सेन्सर, नवेकोरे,
बिश्केकच्या बाजारातले,
तिन्ही मिळून एक मेंढी आणि वर थोडे सोम.
एक बदलला, मग दुसरा, मग तिसरा.
परत काढले, पुन्हा जुने बसवले.
पिवळा दिवा तसाच.

स्कॅनर लावला. एका दमात चार तक्रारी:
हवेचा दाब नाही,
पेडल गप्प,
थ्रॉटलचा ठावठिकाणा नाही,
डिझेलच्या रेलमध्ये अशक्य आकडा.
एजे, इतके जण एकदम मरत नाहीत,
साथ आली तरी.
यांचा पाणवठा एक आहे.

बॅटरीकडून बारा घेतो कॉम्प्युटर
आणि त्यातले पाच, मोजून, पुढे देतो,
एकाच तारेने, वाटेत फाटे फुटत.
ते पाच म्हणजे मोजपट्टी.
पट्टीच आखडली
तर खरं बोलणाराही खोटा ठरतो.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तीही तीनदा, पावतीसकट.

मीटरचं काळं टोक इंजिनाला, लाल टोक तारेला.
०.३१.
बोटांवर फुंकर मारली. पुन्हा.
०.३१.

मग एकेकाला सोडवत गेलो.
दाबाचा प्लग काढला, ०.३१.
पेडलचा, ०.३१.
थ्रॉटलचा, तेवढेच.
रेलचा खाली, अवघड जागी,
मनगट सोलून निघालं, आकडा हलला नाही.
सगळे सुटे, सगळे निर्दोष,
आपापल्या जागी लोंबकळत,
आणि तरी कुणीतरी पितच होतं.

एजेने थर्मासातून चहा ओतला, मिठाचा, दुधाळ.
मग कोण?
तार, म्हटलं.
कुठली?
ते तिला विचारावं लागेल.

वायरिंगचा जुडगा इंजिनाच्या पाठीमागे जातो,
जिथे कुणी बघत नाही.
तिथे हात घातला, न बघताच,
आणि दाबत दाबत सरकत गेलो,
नवी गाय पान्हा सोडते का बघावं तसा.
कडेला जाऊ ने मीटर धरलं होतं, म्हणजे जावयानेच,
तो आकडे ओरडत होता:
शून्य एकतीस. शून्य एकतीस. शून्य एकतीस.
पाच शून्य दोन!

बोटं तिथेच थांबवली.
आरसा आत सरकवला, टॉर्च दातांत.

पत्र्याचा ब्रॅकेट. दोन भोकं, एकच बोल्ट.
त्याच्या धारेखाली तार, तांबं उघडं,
आणि तांब्याभोवती फाटलेली
निळी टेप.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काळी टेप संपली होती.
कंटेनरवाल्याकडे निळीच उरलेली.
अंधार पडत होता, दुसऱ्या बोल्टपर्यंत हात पोचेना,
आणि मी म्हटलं होतं,
मला शब्दही आठवतो,
चालेल.

चाललंही. दोन हिवाळे.
पत्रा थरथरत राहिला,
दर खड्ड्याला केसभर खात.

आरसा बाहेर काढला.
सांगायला तोंड उघडलं तर टॉर्च पडली.
एजे बघत होती, माझ्याकडे नाही,
चिमट्यात धरलेल्या त्या निळ्या चिंधीकडे,
आणि मग मागे, आपल्या कॅनांकडे.
प्रत्येक झाकणावर एकेका घराचं नाव
निळ्या टेपवर लिहिलेलं.
उरलेलं रीळ त्या वेळी तीच मागून घेऊन गेली होती.

जावई अजून ओरडतच होता, पाच शून्य दोन,
स्वतः जिंकल्यासारखा.

एजेने माझ्या कपात पुन्हा चहा ओतला,
काठोकाठ,
आणि विचारलं,
बोल्ट आहे का?

आहे.

दोन?